जालियनवाला बागेची स्मृति व उत्तरकालीन चळवळी : एक चिकित्सा

१. सरकारनें प्रजेवर केलेला अत्याचार प्रजेच्या मनांत मुरतो आणि पुढें त्यांतूनच नवा लढा उभा राहतो, हें विधान आपल्या आधुनिक इतिहासग्रंथांत इतक्या वेळां आलेलें आहे कीं तें सिद्ध करण्याची जरुरी आतां कोणासच भासत नाहीं. अमृतसर येथील जालियनवाला बागेंत १३ एप्रिल १९१९ रोजीं गोळीबार झाला, त्यामुळें देश खवळला, म्हणून असहकार आला, पुढें भगतसिंग आले, शेवटीं उधमसिंग आले. अशी ही सांखळी शाळेंतल्या पुस्तकापासून मोठमोठ्या ग्रंथांपर्यंत एकसारखी आढळते. सांखळींतील प्रत्येक कडी बहुतांशीं खरी आहे. परंतु एक कडी दुसरींत कशी अडकली हें मात्र कोणी फारसें दाखवीत नाहीं. ‘म्हणून’ या एका शब्दावर वीस वर्षांच्या इतिहासाचा भार टाकलेला असतो. तो शब्द हा भार कितपत सोसतो हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या ‘म्हणून’विषयीं संशय येण्यास मुख्य कारण असें कीं, ज्यांतून कांहींच उभें राहिलें नाहीं, निदान तत्काळ राहिलें नाहीं, असे अत्याचारहि पुष्कळ आहेत. जानेवारी १८७२ मध्यें पंजाबांतच मालेरकोटला येथें साठांहून अधिक कूक्यांस चौकशीवांचून तोफेच्या तोंडीं दिलें. त्या क्रौर्याबद्दल कोवन या अधिकाऱ्यास नोकरींतून काढावें लागलें, तरी पंजाबांत त्यामुळें व्यापक चळवळ झाली नाहीं. नोव्हेंबर १९१३ मध्यें मानगडच्या टेकडीवर गोविंदगुरूंच्या भिल्ल अनुयायांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. त्या प्रसंगाचें नांव देशाच्या पुष्कळशा भागांत अगदीं अलीकडेपर्यंत ऐकूंहि येत नव्हतें. तेव्हां रक्त सांडलें एवढ्यानें स्मृति निर्माण होत नाहीं, आणि स्मृति झाली एवढ्यानें चळवळ होत नाहीं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हॉलब्वाक्स यानें १९२५ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याचें स्मरण समाजानें दिलेल्या चौकटींतच उभें राहतें. अमृतसरच्या बाबतींत ती चौकट कोणीं, केव्हां व कशी घडविली, हा खरा प्रश्न आहे.

२. प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. १० एप्रिल १९१९ रोजीं डॉ. सैफुद्दीन किचलू व डॉ. सत्यपाल यांस अमृतसरांतून हद्दपार करण्यांत आलें. त्यांच्या सुटकेची मागणी करण्यास निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलापाशीं गोळीबार झाला. पुढें जमावानें बँका जाळल्या, पांच युरोपियन ठार झाले, आणि मिस शेरवुड या मिशनरी बाईंस बेदम मारहाण झाली. त्यांस वांचविलें तेंहि हिंदी माणसांनींच. १३ तारखेस, वैशाखीच्या दिवशीं, जनरल डायर नव्वद शिपाई घेऊन बागेंत गेला. त्यांपैकीं पन्नास जणांपाशीं बंदुका होत्या. जमावास निघून जाण्याची सूचना न देतां सुमारें दहा मिनिटांत १६५० फैरी झाडण्यांत आल्या. यंत्रतोफांच्या गाड्या अरुंद वाटेंतून आंत शिरल्या नाहींत. त्या शिरत्या तर त्याहि वापरल्या असत्या, असें डायरनें पुढें चौकशीपुढें स्वतःच सांगितलें. १४ तारखेस गुजराणवाल्यावर विमानांतून बाँब टाकण्यांत आले, १५ तारखेपासून लष्करी कायदा सुरू झाला. मिस शेरवुड यांस ज्या गल्लींत मारहाण झाली होती, तेथून जाणाऱ्या हिंदी मनुष्यानें पोटावर सरपटत गेलें पाहिजे, असा हुकूम कांहीं दिवस चालू होता.

३. यानंतर काय झालें? प्रचलित सांखळीप्रमाणें क्षोभ झाला. समकालीन पुराव्याप्रमाणें मात्र प्रथम शांतता झाली, आणि ती भयाची शांतता होती. पंजाबांतील बातम्या बाहेर जाऊं नयेत अशी सरकारची तजवीज होती. मुंबईंत ‘बाँबे क्रॉनिकल’चे संपादक हॉर्निमन यांस एप्रिलअखेर हद्दपार करून विलायतेस पाठविण्यांत आलें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं आपली ‘सर’ ही पदवी टाकून दिली ती मे महिन्याच्या अखेरीस. दुर्घटनेनंतर दीड महिन्यानें. खुद्द अमृतसरांत मेलेल्यांच्या नातेवाइकांस नांवें सांगण्याचीहि धास्ती होती. कारण मृताचें नांव सांगणें म्हणजे आपल्या घरचा माणूस बंदी घातलेल्या सभेस गेला होता अशी कबुली देणें. ज्या घरांत प्रेत आलें त्या घरालाच तें लपवावेंसें वाटावें, अशी ती अवस्था होती. येथें स्मृति होती, परंतु ती घराच्या उंबऱ्याआड होती.

ती उंबऱ्याबाहेर आणली चौकशीनें. ऑक्टोबर १९१९ मध्यें सरकारनें लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तींत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड, पंडित जगतनारायण व सुलतान अहमदखान हे हिंदी सभासद होते. राष्ट्रीय सभेनें आपली स्वतंत्र समिति नेमली. तींत गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व फजलुल हक हे होते. मोतीलाल नेहरूंनीं जागा सोडल्यावर मुंबईचे मुकुंदराव जयकर त्यांच्या ठिकाणीं आले. या दुसऱ्या समितीनें सतराशेंहून अधिक साक्षी तपासल्या आणि त्यांतील सुमारें साडेसहाशें प्रसिद्ध करण्याकरितां निवडल्या. गल्लोगल्लीं जाऊन, दुकानदार, कारागीर, विधवा स्त्रिया यांच्या तोंडून हकीकत वदवून ती लिहून घेण्याचें हें काम वकिलांनीं केलें. उलटतपासणीच्या संवयीच्या माणसांनीं तें केल्यामुळें अतिशयोक्तीस बरीच चाळण लागली. मार्च १९२० मध्यें हा अहवाल बाहेर पडला.

माझें म्हणणें असें कीं, असहकाराच्या पूर्वतयारींतील खरी कडी ही आहे. साक्ष देण्यास पुढें येणें हीच निर्भयतेची पहिली परीक्षा होती. ज्यानें लष्करी कायद्याच्या आठवणी ताज्या असतांना आपलें नांव व हकीकत कागदावर उतरूं दिली, त्याच्या मनांतील भय त्याच क्षणीं निम्में झालें. पुढें हजारों माणसें तुरुंगांत गेलीं, त्यांची तालीम येथें झाली.

४. मृतांच्या आंकड्याचा वाद याच दृष्टीनें पाहिला पाहिजे. हंटर समितीनें ३७९ मृत धरले. राष्ट्रीय सभेच्या समितीनें हजाराच्या आसपास अंदाज केला. स्मारकाच्या आवारांतील फलकावर सुमारें दोन हजार ‘हुतात्मे’ असा उल्लेख होता. १९९७ मध्यें राणी एलिझाबेथ यांच्या भेटीच्या वेळीं त्यांचे पति प्रिन्स फिलिप यांनीं त्याबद्दल शंका काढली आणि मोठा गवगवा झाला.

या वादांत आपले लेखक दोन चुका करितात. कांहीं जण मोठा आंकडा तो देशभक्तीचा, लहान तो सरकारी, असें धरून चालतात. दुसरे, सरकारी म्हणून ३७९ हाच प्रमाण मानतात. वस्तुतः ३७९ हा आंकडा केवळ सरकारी दफ्तरांत बसून काढलेला नाहीं. त्याच्या मुळाशीं सेवासमितीच्या स्वयंसेवकांनीं केलेली घरोघरची विचारपूस आहे. आणि वर सांगितलेल्या भयामुळें तो अपुरा असणें अपरिहार्य होतें. म्हणजे ३७९ हा तळ आहे, माथा नव्हे. तळ पक्का असतांना माथ्याविषयीं अंदाज सांगण्यास हरकत नाहीं. मात्र अंदाजास अंदाज म्हटलें पाहिजे. दहा मिनिटांत ३७९ माणसें मारणें हा अपराध थोडा वाटतो म्हणून ज्यास आंकडा फुगवावासा वाटतो, त्याच्या विवेकाचीच काळजी केली पाहिजे.

५. दुसरी गोष्ट अशी कीं, कोणता अत्याचार स्मरणांत ठेवावयाचा याचीहि निवड होते. १९१९–२० मधील साक्षी व व्याख्यानें वाचलीं तर बागेच्या बरोबरीनें, किंबहुना कित्येक ठिकाणीं अधिक जळजळीनें, सरपटण्याची गल्ली, भर चवाठ्यावर मारलेले फटके, गोऱ्या अधिकाऱ्यास सलाम करण्याची सक्ति, विद्यार्थ्यांस दिवसांतून अनेक वेळां हजेरीसाठीं उन्हांतून चालविणें, यांचा उल्लेख येतो. गोळीनें प्राण घेतले. सरपटण्यानें मनुष्यपण घेतलें. गांधींच्या मनावर या अपमानाचा घाव विशेष खोल होता, आणि त्यांनीं त्यांतून काढलेला निष्कर्ष लोकांच्या अपेक्षेहून निराळा होता. सरपटावयास लावणारा दोषी आहेच, परंतु सरपटण्यापेक्षां मरण पत्करण्याचें धैर्य आम्हांत नव्हतें, याची लाज आम्हांस वाटली पाहिजे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. डिसेंबर १९१९ मध्यें अमृतसरासच भरलेल्या राष्ट्रीय सभेंत सरकारच्या अत्याचाराबरोबर जमावानें केलेल्या हत्यांचाहि निषेध व्हावा, असा आग्रह त्यांनीं धरिला आणि तो तडीस नेला. विलायतेहून नुकतेच परतलेले लोकमान्य टिळक त्या सभेस हजर होते.

आज बागेनें इतर सर्व प्रसंग झाकून टाकले आहेत. याचें कारण बाग ही मोजतां येणारी, दाखवितां येणारी, एका दिवसांत बसणारी गोष्ट आहे. अपमान मोजतां येत नाहीं. परंतु चळवळीचें स्वरूप मात्र अपमानाच्या स्मृतीनेंच ठरविलें. मृत्यूच्या स्मृतीचें उत्तर सूड हें असूं शकतें. अपमानाच्या स्मृतीचें उत्तर ताठ मानेनें उभें राहणें हेंच असतें.

६. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अकाली चळवळींत सांपडतो. आणि आमच्याकडील लेखकांनीं तिच्याकडे फारच थोडें लक्ष दिलें आहे. डायरला सुवर्णमंदिरांत सरोपा देऊन त्याचा सन्मान करण्यांत आला, ही हकीकत त्याचा पक्षपाती चरित्रकार कॉल्विन यानें अभिमानानें सांगितली आहे. मंदिराचा सरकारनियुक्त व्यवस्थापक अरूरसिंग याच्याविरुद्ध यामुळें शीख समाजांत जो संताप झाला, त्यानें १९२० मध्यें त्यास पद सोडावें लागलें आणि नोव्हेंबरांत शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समिति स्थापन झाली. बागेची स्मृति येथें सरकारविरुद्ध जाण्यापूर्वीं आपल्याच घरांतील लाचारीविरुद्ध गेली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

१९२२ च्या पावसाळ्यांत ‘गुरू का बाग’ येथें एका वादग्रस्त जागेंतील लांकूड तोडण्याच्या हक्कावरून मोर्चा सुरू झाला. अकाल तख्तापुढें अहिंसेची शपथ घेऊन जत्थे निघत. अकाल तख्तापासून जालियनवाला बाग हांकेच्या अंतरावर आहे. यांत पुष्कळ जण फौजेंतून परतलेले, लढाई पाहिलेले शिपाई होते. पोलिसांच्या लोखंडी टोंकांच्या लाठ्या खाऊन ते पडत, उठत, पुन्हां पुढें येत. हात मात्र उगारीत नसत. रेव्हरंड अँड्र्यूज यांनीं हें दृश्य स्वतः पाहिलें व त्याचें वर्णन लिहून ठेविलें. पांच हजारांवर माणसें तुरुंगांत गेलीं. फेब्रुवारी १९२४ मध्यें जैतो येथें जत्थ्यावर प्रत्यक्ष गोळीबार झाला. तरी पुढचे जत्थे थांबले नाहींत. १९१९ मध्यें गोळीपुढें पळण्यास वाट नव्हती. १९२४ मध्यें वाट होती, तरी माणसें वळलीं नाहींत. १९२५ चा गुरुद्वारा कायदा हें त्याचें फळ होय. ‘म्हणून’ हा शब्द कोठें निःशंकपणें वापरावयाचा असेल तर तो येथें.

७. स्मृतीस पंचांगांत स्थान मिळणें ही पुढची पायरी. रौलट कायद्याविरुद्धचा देशव्यापी हरताळ ६ एप्रिलचा, बाग १३ एप्रिलची; हे आठ दिवस ‘राष्ट्रीय सप्ताह’ म्हणून पाळण्याची प्रथा पडली. १९२० मध्येंच सुमारें साडेपांच लाख रुपये वर्गणी देऊन बागेची जमीन स्मारकाकरितां विकत घेण्यांत आली. दिवस व जागा हीं दोन्ही हातीं आल्यावर स्मृति दूरच्या प्रांतासहि आपली करितां येते. नागपुरास १३ एप्रिल १९२३ रोजीं याच दिवसाच्या स्मरणार्थ निघालेली मिरवणूक निशाणासह सिव्हिल लाइन्सकडे जातांना अडविण्यांत आली, आणि त्यांतून त्या वर्षींचा झेंडासत्याग्रह पेटला. बागेवर कविता लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान यांस याच सत्याग्रहांत अटक झाली. १९३० मध्यें गांधींनीं दांडीस मीठ उचललें तो दिवस ६ एप्रिलचा, हा निव्वळ योगायोग मानणें कठीण आहे.

८. आतां दुसरा प्रवाह. त्याच बागेच्या स्मृतींतून सूडाची परंपराहि निघाली असें सांगतात, आणि येथेंच चिकित्सेची फार गरज आहे. अकरा वर्षांचा भगतसिंग बागेंत गेला व रक्तानें भिजलेली माती घेऊन आला, ही कथा घरच्या माणसांच्या उत्तरकालीन आठवणींवर आधारलेली आहे. ती खोटी म्हणण्यास कारण नाहीं. परंतु १९१९ चा पुरावा म्हणून ती घेतां येत नाहीं. डिसेंबर १९२८ मध्यें साँडर्सचा वध झाल्यावर भिंतींवर जीं पत्रकें लागलीं, त्यांत दिलेलें कारण लाला लजपतरायांच्या मृत्यूचें होतें. त्या वधांत भाग घेणारे आमच्या खेडचे शिवराम हरि राजगुरु तर पंजाबचे नव्हते. त्यांस पंजाबशीं जोडणारी गोष्ट जन्माची नव्हे, संघटनेची होती.

उधमसिंगांची गोष्ट अशीच. १३ मार्च १९४० रोजीं लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्यें त्यांनीं सर मायकेल ओड्वायर यास ठार केलें व ३१ जुलै रोजीं ते फांसावर गेले. डायर १९२७ मध्येंच मेला होता. ओड्वायर हा १९१९ मध्यें पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असून त्यानें डायरच्या कृत्यास तारेनें संमति दिली होती. उधमसिंग त्या दिवशीं बागेंत जखमींस पाणी पाजीत होते असें सर्वत्र सांगतात; याविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. परंतु ते तेथें नसले तर त्यांच्या कृत्याचें महत्त्व कमी होतें काय? माझ्या मतें वाढतें. स्वतः न पाहिलेल्या रक्ताचें ऋण जो एकवीस वर्षें वागवितो, त्यानें स्मृतीची शक्ति प्रत्यक्षदर्शी मनुष्यापेक्षां अधिक सिद्ध केली.

आपल्या बखरींस संशोधकांनीं जो न्याय लाविला तोच येथें लावावा. बखर ज्या काळाचें वर्णन करिते त्या काळाविषयीं ती दुय्यम साधन असते. ज्या काळीं ती लिहिली गेली त्या काळाच्या मनाविषयीं मात्र ती अव्वल साधन होय. मातीची कुपी व पाण्याचा घडा या कथा १९१९ विषयीं फारसें सांगत नाहींत. परंतु १९३१ व १९४० नंतरच्या लोकांस आपले हुतात्मे कोणत्या मुळाशीं जोडावेसे वाटत होते, हें त्या चांगलें सांगतात.

९. स्मृति ही केवळ प्रजेचीच असते असेंहि नाहीं. जुलै १९२० मध्यें विलायतेच्या लॉर्डांच्या सभेनें १२९ विरुद्ध ८६ मतांनीं डायरची बाजू उचलली. ‘मॉर्निंग पोस्ट’ पत्रानें त्याच्यासाठीं सव्वीस हजार पौंडांवर निधि जमविला. १९२४ मध्यें सर शंकरन् नायर यांच्यावर ओड्वायरनें लंडनांत अब्रूनुकसानीचा दावा लाविला आणि ज्यूरीच्या अकरा जणांनीं ओड्वायरच्या बाजूनें कौल दिला. ‘त्यानें पंजाब वांचविला’ ही त्या पक्षाची स्मृति होती. हिंदी लोकांचा इंग्रजी न्यायबुद्धीवरील विश्वास जो उडाला तो बागेंतील दहा मिनिटांनीं जितका, तितकाच या पुढील चार वर्षांच्या कौतुकानें. अत्याचारापेक्षां अत्याचाराचें समर्थन अधिक काळ लक्षांत राहतें, हा धडा राज्यकर्त्यांनीं कधींच नीट घेतला नाहीं. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरास पुन्हां लष्करी कायदा आला, गांधी टोपीवर शिपायांचे हात पडले, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांसावर चढले.

१०. येथपर्यंत परकी राज्याची गोष्ट झाली. म्हणून लिहिणारास व वाचणारासहि ती सोपी गेली. खरी कसोटी पुढें आहे. नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्यें मुंबईंत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठीं जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या स्वकीयांच्या राज्यांत. तेथेंहि आंकडा घोषणेंत गेला, चौकास हुतात्म्यांचें नांव मिळालें, आणि १ मे १९६० पर्यंतच्या चळवळीस त्या स्मृतीनें बळ दिलें. १०५ कीं १०६ असा वाद तेथेंहि आहे. अमृतसरच्या मृतांची नांवें शोधण्यास जो उत्साह आपण दाखवितों, तोच स्वराज्यांतील मृतांविषयीं दाखविला नाहीं, तर आपला उत्साह इतिहासाचा नसून सोयीचा आहे असें ठरेल.

२०१९ मध्यें शताब्दीच्या वेळीं ब्रिटनच्या पंतप्रधानांनीं खेद प्रकट केला, क्षमा मागितली नाहीं. २०२१ मध्यें बागेचें नूतनीकरण झालें. ज्या अरुंद वाटेनें शिपाई आंत शिरले तिच्या भिंतींवर हंसत्याखेळत्या माणसांचीं शिल्पें बसविण्यांत आलीं, आणि त्यावर इतिहासकारांनीं व मृतांच्या वंशजांनीं टीका केली. ती टीका रास्त होती. ती वाट अरुंद व उघडीबोडकी होती, हाच तिचा पुरावा होता. पुरावा शोभिवंत केला म्हणजे तो पुरावा राहत नाहीं.

तात्पर्य, अत्याचाराची स्मृति चळवळीस आपोआप जन्म देत नाहीं. तीस प्रथम साक्ष देणारा लागतो, मग ती लिहून घेणारा, मग दिवस व जागा, आणि शेवटीं तिचा अर्थ लावणारें नेतृत्व. त्या अर्थाप्रमाणें त्याच स्मृतींतून गुरू का बागेंतील उभा राहिलेला शिपाईहि निघतो आणि कॅक्स्टन हॉलमधील पिस्तूलहि निघतें. या चार पायऱ्यांपैकीं दुसरी पायरी संशोधकाची आहे. सोलापूर, चिरनेर, मुंबई येथील अशा प्रसंगांचे कागद, तुरुंगांतील पत्रें, दवाखान्यांतील नोंदी, वृद्धांच्या आठवणी अद्याप घरोघर पडून असतील. ज्यांच्यापाशीं त्या असतील त्यांनीं त्या वाळवीच्या स्वाधीन न करितां अभ्यासकांच्या हातीं द्याव्या, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.